गोडी छाटणीआधी वाइन द्राक्षाच्या बागेत एक खड्डा खणा

गणपती उठले की नाशिककडे गोडी छाटणीच्या, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीच्या, तारखांची बोलणी सुरू होतात. मजुरांची टोळी कधी मिळेल, वाइनरी कुठली तारीख धरायला सांगते, पाऊस अजून किती दिवस राहील. या गडबडीत एक काम हमखास मागे पडतं, आणि माझ्या मते या पंधरवड्यातलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे. कात्री लागण्याआधी प्रत्येक प्लॉटमध्ये किमान एक खड्डा खणा. खोली तीन फूट, आणि लांबी वेलीपासून हातभर अंतर सोडून बोदापासून (वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) थेट ट्रॅक्टरच्या चाकोरीपर्यंत. आत्ता जमीन ओली आहे, कुदळ सहज चालते आणि पावसाळ्याने खाली काय करून ठेवलं आहे ते ताजं दिसतं.

खड्ड्यात उतरून भिंत नीट पाहा. पांढरी मुळी किती खोल गेली आहे? ती बोदाच्या वरच्या फूटभरातच घोटाळत असेल तर खाली काहीतरी अडसर आहे. चाकोरीच्या बाजूला सुरी खुपसून पाहा. वर सहज जाणारी सुरी आठ-दहा इंचांवर अडली, तर फवारणीच्या फेऱ्यांनी तिथे थर दबला आहे. मातीत राखाडी-निळसर डाग आणि कुबट वास म्हणजे पाणी साचून हवा कोंडली होती. पांढरे खडे म्हणजे चुनखडी. अशा जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात, लोह मातीत असूनही वेलीला मिळत नाही. शेवटी तळाशी दोन-तीन बादल्या पाणी ओता. पावसाची उघडीप असूनही दुसऱ्या दिवशी ते उभंच दिसलं, तर या प्लॉटचं पहिलं काम निचऱ्याचं, खतांचं नंतर.

एवढा आग्रह अशासाठी, की आपल्या जिल्ह्यात एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. इगतपुरीला वर्षाला 3,000 मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. निफाडला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. घाटमाथ्याजवळ आणि डोंगरउतारांवर मुरमाड, उथळ जमिनी आहेत, तर गोदावरी-कादवेच्या काठाला खोल काळी. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, कारण रात्रीची जड थंड हवा पाण्यासारखीच उतारावरून वाहत सखल भागात साचते. वाइनच्या द्राक्षाला थंड रात्री हव्यातच, त्यांनी मण्यातली आम्लता टिकते. पण सखल प्लॉटमध्ये कडाक्याच्या थंडीत वेलीची वाढ थांबते आणि सकाळचं दव उशिरापर्यंत रेंगाळून रोगाला वाट देतं. नवी लागण करणाऱ्यांनी शेताचा सर्वांत खालचा तुकडा वाइनसाठी ठेवू नये. उताराचा, वारा खेळता राहील असा भाग निवडावा, जमीन थोडी हलकी असली तरी चालेल.

हलकी जमीन चालेल म्हटलं की खाण्याच्या द्राक्षात मुरलेल्या बागायतदाराला ते पटत नाही. थॉमसनचा मणी फुगवण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. वाइनचं गणित मात्र उलटं आहे. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध मण्याच्या सालीत असतो. मणी लहान राहिला की रसाच्या मानाने साल जास्त येते. म्हणून शिराझ, कॅबरने सॉव्हिनॉनसारख्या जातींना भारी जमीन, भरपूर नत्र आणि सढळ पाणी दिलं की वजन मिळतं, पण माल पातळ निघतो. मी स्वतः शिराझचा पहिला प्लॉट ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीत, डॉगरिज खुंटावर (ज्या मुळावर कलम बांधतात तो) उभा केला होता. जोमदार जमीन आणि तितकाच जोमदार खुंट. हंगामभर शेंडे मारत बसलो, बगलफूट काढली, तरी घड सावलीतच राहिले आणि भुरी रोगाने गाठले. रंग शेवटपर्यंत भरला नाही. पुढचा प्लॉट माळावर, 110 आर या खुंटावर केला आणि निम्मी मजुरी वाचली. 110 आर पाण्याचा ताण सोसतो आणि वेलीला आवरात ठेवतो. पाणी खारवट असेल तर मात्र खुंट ठरवण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासा. पाण्याची ईसी (क्षारांचं मोजमाप) 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे असेल, तर पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय रोपं बुक करू नका.

छाटणीचा क्रमही खड्ड्यावरूनच ठरवा. मुरमाड, उताराच्या प्लॉटला लवकर वापसा (काम करण्याजोगी ओल) येतो. तिथे आधी कात्री लावा. काळ्या जमिनीचा प्लॉट मागे ठेवा. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पोंग्यातून (उमलत्या कोवळ्या फुटीतून) घड बाहेर येत असताना परतीचा पाऊस झाला, तर डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी त्याच दिवशी व्हायला हवी, आणि काळ्या जमिनीत ट्रॅक्टर नेमका तेव्हाच रुततो. ज्या प्लॉटमध्ये पाणी उभं राहिलं, तिथे बोदाच्या बाजूने चर काढून पाणी बाहेर काढा. दबलेला थर फोडायचा असेल तर वापशावर, ओळीच्या मधोमध आणि एकाआड एक ओळीत फोडा. दोन्ही बाजूंची मुळं एकाच वेळी तुटू देऊ नका.

पाणी किती आणि कधी

ड्रीप किती मिनिटं चालवायचं हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. 1 मि.मी. पाणी म्हणजे एकरी साधारण 4,000 लिटर. समजा, दिवसाचं बाष्पीभवन 5 मि.मी. आहे आणि त्यातलं 40 टक्के भरून काढायचं आहे, म्हणजे 2 मि.मी., एकरी 8,000 लिटर. 8 बाय 5 फुटांवर एकरी 1,089 वेली बसतात, तेव्हा वेलीला साडेसात लिटरच्या आत. तासाला 4 लिटरचे दोन ड्रीपर असतील तर पाऊण तास ते तास पुरे. हे उदाहरण आहे. बाष्पीभवनाचा आकडा आपल्या जवळच्या हवामान केंद्राचा घ्या आणि ड्रीपर खरंच तेवढं पाणी टाकतात का, ते बाटली आणि घड्याळ लावून एकदा मोजा. लॅटरलच्या (ड्रीपच्या नळीच्या) शेवटच्या टोकाला मोजा, सुरुवातीला नव्हे.

छाटणीपासून मणी सेटिंगपर्यंत (फुलांतून मणी धरेपर्यंत) ताण अजिबात देऊ नका. फूट एकसारखी निघायला आणि फुलोरा टिकायला ओल लागते. लाल जातींत खरी लगाम खेचायची वेळ मणी सेट झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंतची (मणी मऊ पडून रंग धरू लागेपर्यंतची). या काळात मणी आकार धरतो, म्हणून पाणी हळूहळू कमी करा. शेंड्याकडे पाहत राहा. शेंडा कोवळ्या पानांच्या पुढे धावत असेल तर पाणी अजून जास्त आहे. शेंडा थांबला आणि बाळ्या (वेलीचे तणावे) मलूल होऊन खाली वळल्या, की ताण पोहोचला. दुपारी पानं तापलेली लागत असतील आणि बुडाची पानं पिवळी पडू लागली असतील तर तुम्ही पुढे गेलात, त्या संध्याकाळीच पाणी द्या. सॉव्हिनॉन ब्लँक, शेनिन ब्लँकला इतका ताण नको; पानगळ होऊन घड उघडे पडले तर गंध आणि आम्लता दोन्ही जातात. पानं विरळ करायचीच असतील तर सकाळच्या उन्हाच्या बाजूची करा, पश्चिमेची ठेवा.

इथे जमिनीचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. मुरमाडात साठा थोडा, म्हणून पाणी थोडं पण रोज किंवा दिवसाआड. तिथे चार दिवस मोटार बंद पडली तर वेल कोलमडते. खोल काळ्या मातीच्या मीटरभर थरात मात्र वेलीला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मि.मी. पाणी साठतं. पावसाळा भरपूर झाला असेल तर डिसेंबरात ड्रीप बंद करूनही वेलीला आठवडे पत्ताच लागत नाही. अशा प्लॉटमध्ये कपात लवकर सुरू करा, नाहीतर ताण नको तेव्हा, तोडणीच्या तोंडावर येतो. मण्यात पाणी उतरल्यावर पाणी पूर्ण तोडणं ही आपल्याकडची जुनी चूक आहे. त्यामुळे साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर साखर वाढलेली दिसते, पण ती मणी सुकल्याने. चव आणि बी पिकलेलं नसतं.

याच टप्प्यावर पोटॅशचा हातही आवरा. काळ्या जमिनीत पोटॅश बहुधा पुरेसं असतं आणि सवयीने वरून आणखी सोडलं की रसाचा पीएच चढतो, म्हणजे आम्लता घटते. असा माल वाइनरीला नकोसा होतो. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाच्या देठाची तपासणी करून मगच ठरवा.

उन्हाळ्याचं पाणी आत्ता मोजा

वाइनच्या बागेला सर्वांत जास्त पाणी घड असताना लागत नाही. ते लागतं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, विहिरींनी तळ गाठलेला असतो तेव्हा. त्याच काळात पुढच्या वर्षीच्या काड्या तयार होतात. बाष्पीभवन 9 मि.मी. आणि रोजची गरज 4 मि.मी. धरली तरी दोन महिन्यांत एकरी 10 लाख लिटरच्या आसपास पाणी जातं. उघड्या शेततळ्यातून तेवढ्याच दिवसांत अर्धा मीटर पाणी उडून जातं, तेही हिशेबात धरा. हे पाणी नसेल तर जानेवारीत नव्या लागणीचं एक एकरही वाढवू नका. असलेल्या बागेत बोदावर उसाचं पाचट अंथरण्याची सोय आत्ताच लावा. मार्चनंतर ते मिळत नाही.

खड्डा बुजवण्याआधी भिंतीचा फोटो काढून त्यावर प्लॉट आणि तारीख लिहा. वरच्या अर्ध्या फुटाची आणि खालची माती वेगवेगळी गोळा करून तपासणीला पाठवा. बुजवताना मुरूम तळाशी आणि काळी माती वर, जशी निघाली तशीच भरा.