मुलगी टेनिसमध्ये प्रोफेशनल व्हायचं म्हणतेय? आधी कॅलेंडर वाचायला शिका

दर सीझनला कुठल्या ना कुठल्या कोर्टवर आईबाबा भेटतात आणि विचारतात, ताई फोरहँड कसा वाटतो हिचा, होईल का प्रोफेशनल. मी दादरची, एआयटीएचे (ऑल इंडिया टेनिस असोसिएशन) ज्युनियर आणि नंतर काही वर्षं महिलांचं आयटीएफ (इंटरनॅशनल टेनिस फेडरेशन) सर्किट खेळले, आता मुलींना शिकवते. माझं उत्तर ठरलेलं असतं. फोरहँड बघायला कोच आहे, तुम्ही आणि मुलगी मिळून कॅलेंडर वाचायला शिका, कारण हातात खेळ असूनही मागे पडलेल्या ज्या मुली मी बघितल्या त्यातल्या बऱ्याच जणी चुकीच्या आठवड्यात चुकीच्या गावी खेळत होत्या.

सुरुवातीचं पटकन सांगते. एआयटीएचं रजिस्ट्रेशन, मग अंडर-12, 14, 16, 18 असे वयोगट, 13 पूर्ण झाली की आयटीएफ ज्युनियर. प्रोफेशनल टूर्नामेंट 14 व्या वाढदिवसाआधी खेळताच येत नाही आणि 18 होईपर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावरही मर्यादा आहे. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती 13 व्या वर्षी प्रोफेशनल झाली आणि 17 व्या वर्षी दमून खेळापासून लांब गेली, ते सगळ्यांनी पाहिलं आणि मग 1995 मध्ये डब्ल्यूटीएने (महिलांच्या प्रोफेशनल टेनिसची संघटना) हे नियम कडक केले. त्यामुळे शेजारची मुलगी परदेशी जाऊन आली म्हणून 12 वर्षांच्या पोरीला पळवू नका प्लीज.

आता खरा विषय. प्रोफेशनलची शिडी आयटीएफच्या सगळ्यात छोट्या टूर्नामेंटपासून, म्हणजे डब्ल्यू-15 पासून सुरू होते, पुढे 35, 50, 75, 100, आणि हा आकडा म्हणजे जिंकणारीला मिळणारे रँकिंग पॉइंट. त्याच्यावर डब्ल्यूटीए 125, मग मोठ्या टूर्नामेंट. डब्ल्यूटीए रँकिंगमध्ये नाव यायलाच तीन टूर्नामेंटमध्ये पॉइंट लागतात किंवा एकूण कमीत कमी 10 तरी, आणि जे मिळतात ते 52 आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे या वर्षी जिथे सेमीफायनल खेळलात, पुढच्या वर्षी त्याच सुमाराला ते पॉइंट परत कुठेतरी कमवायचेत. दुखापत झाली तरी तारीख थांबत नाही (मोठ्या दुखापतीसाठी प्रोटेक्टेड रँकिंग असतं, म्हणजे परतल्यावर जुन्या रँकिंगवर एंट्री मिळते, पण त्यासाठी कित्येक महिने बाहेर असावं लागतं आणि आधी मुळात रँकिंग लागतं).

एंट्री आयपिन म्हणजे आयटीएफच्या ऑनलाइन अकाउंटवरून होते आणि डेडलाइन टूर्नामेंटच्या साधारण अडीच आठवडे आधी असते. मग लिस्ट लागते, मेन ड्रॉ (थेट मुख्य स्पर्धा), क्वालिफायिंग (त्याआधीची पात्रता फेरी), अल्टरनेट (वेटिंग लिस्ट), आणि तुमचं नाव अल्टरनेटमध्ये खाली कुठेतरी असतं आणि रोज रात्री फोन उघडून बघायचं की आज किती जणींनी नाव काढलं, आपण किती वर सरकलो, तिकीट काढायचं की थांबायचं. मी मुलींना सांगते की त्याच आठवड्याला दुसरीकडेही एंट्री टाका, प्रायॉरिटी लावा आणि विड्रॉवलची म्हणजे नाव काढून घ्यायची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, ती चुकली तर दंड बसतो.

पैशाचं स्पष्टच बोलते. डब्ल्यू-15 मध्ये पूर्ण टूर्नामेंटचं बक्षीस असतं 15,000 डॉलर, त्यातून पहिल्या राउंडला हरणारीच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास येतात आणि बऱ्याच देशांत त्यातूनही टॅक्स कापूनच देतात. विमान, हॉटेल, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), जेवण धरलं तर आठवडा तोट्यातच. म्हणून आपल्या मुलींचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे घराजवळचे आठवडे. पुण्यात, सोलापुरात, नवी मुंबईत आयटीएफच्या महिला टूर्नामेंट झाल्यात, तिथे ट्रेनने जाता येतं, डबा नेता येतो, दोघीतिघी मिळून खोली घेता येते. वर्षाचा प्लॅन करताना आधी हे आठवडे मांडा, शाळा-कॉलेजच्या परीक्षा मांडा आणि उरलेल्या जागेत परदेश बसवा. आणि परदेशी गेलात तर एकाच भागात सलग दोनतीन आठवडे खेळा, एका टूर्नामेंटसाठी जाऊन येऊ नका.

डबल्स सोडू नका हे तर मी हात जोडून सांगते. सिंगल्समध्ये सोमवारी हरलात तरी डबल्समुळे आठवडा जिवंत राहतो, मॅच प्रॅक्टिस मिळते, थोडे पैसे मिळतात. दोघींच्या रँकिंगची बेरीज बघून एंट्री लागते म्हणून पार्टनर आधीच मेसेज करून ठरवायची. सानिया मिर्झा 2007 मध्ये सिंगल्सला 27 पर्यंत गेली होती, मनगट आणि गुडघ्यांनी साथ दिली नाही तेव्हा 2013 मध्ये सिंगल्स सोडून डबल्सवर आली आणि 2015 मध्ये जगात नंबर 1 झाली.

मुंबईत खेळायचं तर पावसाचे चार महिने वेगळे धरावे लागतात, झाकलेली कोर्ट्स फारच कमी आहेत, तेव्हा जून ते सप्टेंबर फिटनेस आणि बाहेरगावच्या टूर्नामेंट. एरवी दमट हवा, दुसऱ्या सेटला ग्रिप हातात फिरायला लागते, किटबॅगमध्ये चारपाच ओव्हरग्रिप आणि कोरडे टीशर्ट असायलाच हवेत. क्लबच्या मार्करशी (मेंबरना खेळवणारा क्लबचा माणूस) चांगलं जमवून ठेवा, सकाळी सहाला मेंबर यायच्या आधी अर्धा तास ते जे बॉल खेळवतात त्याचा खूप उपयोग होतो. पाळीच्या दिवसांबद्दल मुलीशी आणि कोचशी मोकळं बोला, विम्बल्डनने सुद्धा 2023 पासून पांढऱ्या स्कर्टखाली गडद शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. आणि जिममधल्या कोणी दिलेली पावडर अजिबात घ्यायची नाही, डोपिंगमध्ये शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते.

बारावीनंतर अमेरिकन कॉलेज हा पळपुटेपणा आहे असं अजून काही जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीकडून खेळली आणि नंतर हांगझोऊ एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेऊन आली. स्कॉलरशिप, कोच, फिजिओ, भरपूर मॅचेस, हे सगळं 18 व्या वर्षी स्वतःच्या खिशातून कोण उभं करणार? फक्त तो रस्ता डोक्यात असेल तर प्राइज मनी घेण्याआधी कॉलेज टेनिसचे नियम वाचा, ते बदलत असतात.

आणि चर्चगेटला सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन ही डब्ल्यूटीए 125 टूर्नामेंट असेल तेव्हा मुलीला नक्की घेऊन जा. 2017 मध्ये तिथे जिंकलेली बेलारूसची 19 वर्षांची सबालेंका नंतर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, 2025 मध्ये 15 वर्षांची माया राजेश्वरन क्वालिफायिंगमधून सेमीफायनलपर्यंत गेली. फायनलची गर्दी राहू दे, क्वालिफायिंगच्या सकाळी जा, बाजूच्या कोर्टजवळ बसा आणि मॅच हरलेली मुलगी पुढच्या तासाभरात काय काय करते ते बघा, स्ट्रेचिंग, खाणं, फोनवर पुढच्या आठवड्याची लिस्ट, डबल्सची पार्टनर. मुलीला विचारा की असे वर्षाला पंचवीस आठवडे तुला आवडतील का.