जुनी गाडी बंद पडते, ओढत नाही? या चुका टाळा

अँबेसेडर असो की पद्मिनी, चालता चालता बंद पडायला लागली की इंदूरच्या गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘साहब, कार्बोरेटर में कचरा है.’ लगेच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उतरतो, जेट (त्यातल्या पेट्रोलच्या बारीक तोट्या) फुंकले जातात, कुणी तारही घालतो. तेवढ्या वेळात इंजिन गार होतं, गाडी छान चालू होते, मालक पैसे देऊन घरी जातो. चार दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं, कारण पितळी जेटमध्ये तार घातली की भोक कायमचं मोठं होतं. आधी नसलेला दोष त्या दिवशी गाडीला चिकटतो.

आधी ठिणगी पाहा, मग पेट्रोल

माझा नियम साधा आहे. पेट्रोल पेटवणारी ठिणगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूला पाना लावायचा नाही. आणि ठिणगी पाहायची ती गाडी बंद पडली त्याच जागी, इंजिन तापलेलं असताना. गॅरेजपर्यंत ओढून नेलीत की पुरावा गेला.

बंद कशी पडली, हेही लक्षात ठेवा. कुणीतरी चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली, तर बहुतेक वेळा दोष करंटचा असतो. गचके देत, खोकत, जोर कमी होत होत थांबली, तर बहुधा पेट्रोल पोचत नाही. मग कॉइलची (ठिणगीचा करंट तयार करणारी) मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या (तो करंट प्लगांना वाटणारा भाग) कॅपमधून काढा, रबरी मुठीच्या पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडकडणारी ठिणगी हवी. बारीक, नारिंगी ठिणगी म्हणजे दोष कॉइल, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली करंट जोडणारी-तोडणारी टोकं) किंवा कंडेन्सर (त्या टोकांना जळण्यापासून वाचवणारा) यांत. ठिणगी चांगली असेल तर एक प्लग काढून बघा: सेल्फ मारूनही कोरडा असेल तर पेट्रोलच्या मागे लागा, ओलाचिंब असेल तर ओव्हरफ्लो.

ओळखीच्या एका काकांची जुनी अँबेसेडर, १४८९ सीसीची. शहरात काही तक्रार नाही. ओंकारेश्वरहून परतताना मात्र बलवाडा सोडून भेरू घाट चढायला लागली की गचके, आणि दोन-तीन वळणांनंतर बंद. थोडं थांबलं की चालू. कार्ब्युरेटर वेगवेगळ्या तीन जणांनी साफ केला, पंप बदलला, टाकी उतरवून धुतली. शेवटी इंजिन बोअरला आलंय (सिलिंडर झिजलेत), खोला, असा सल्ला मिळाला, आणि काका खरंच पैशांची जुळवाजुळव करू लागले.

माझ्या दारात गाडी आली तेव्हा स्लोवर (पेडल न दाबता, उभ्या उभ्या) घड्याळासारखी चालत होती. मी कार्ब्युरेटरकडून येणारी डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढली आणि तोंडाने तिच्यातली हवा ओढली. इंजिन फट्कन बंद! नळी सोडून चालू केलं, पुन्हा ओढलं, पुन्हा बंद. डिस्ट्रिब्युटर उघडला तर आतल्या हलत्या प्लेटला अर्थिंग देणारी इवलीशी वायर कापडी वेष्टणाच्या आत तुटलेली. वरून धडधाकट दिसत होती. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती व्हॅक्यूमने मागेपुढे सरकते. स्लोवर ती जवळजवळ स्थिर असते, म्हणून गॅरेजमध्ये दोष कधी दिसलाच नाही. घाटात वळणागणिक पेडल दाबलं-सोडलं जातं, प्लेट सरकते आणि तुटकी टोकं सुटतात. बोटभर मऊ, बारीक तारांची वायर डाग देऊन बसवली. इंजिन आजही न खोललेलं आहे. इतक्या हातांतून गाडी गेली, पण डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतली वायर कुणी हलवून पाहिली नव्हती, याचा मला अजून राग येतो.

चांगला कंडेन्सर फेकून देणं

‘ट्यूनिंग’ म्हणून प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर सगळं एकदम बदलू नका. आज बाजारात मिळणारे कित्येक कंडेन्सर नवे असतानाच कच्चे निघतात. तापले की मिसिंग (ठिणगी मधेमधे चुकणं) सुरू. पॉइंट लवकर काळेनिळे पडून जळत असतील तर आधी कंडेन्सरवर संशय घ्या. चालणारा जुना मी कधीच टाकत नाही, डिकीत ठेवतो. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची, मग गाडी चालवून बघायची. एवढा धीर नसेल त्याने जुनी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉइल घेताना ओहम मोजा. वेगळा रेझिस्टर नसलेल्या गाडीला साधारण ३ ओहमची लागते. तिथे दीड ओहमची लावली की कॉइल भाजते आणि पॉइंट जळतात.

टाकीचं झाकण आणि नळ्या विसरणं

टाकीत हवा जायला वाट नसेल तर पेट्रोल खेचता खेचता आत पोकळी होते आणि पंप हरतो. छिद्र नसलेलं दुसरंच झाकण कुणीतरी बसवलेलं असतं. गाडी बंद पडली की झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज येऊन गाडी चालू झाली तर काम तिथेच संपलं.

आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही. नळी बाहेरून ठीक दिसते, पण आतून फुगते, सोलवटते, आणि तिचे काळे कण जेटमध्ये जातात. मग कार्ब्युरेटर दर महिन्याला साफ करून उपयोग काय? इथेनॉल चालेल अशा नळ्या घाला आणि एसी पंपाचा (इंजिनावर चालणारा गाडीचा पेट्रोल पंप) डायफ्रामही बदला. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्यात ऑक्सिजनही असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) आणि गाडी थोडी सुस्त वाटते. प्लगचं टोक पांढरं पडत असेल तर जेट एक नंबर मोठा घालून बघा. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी तळाशी साचू शकतं.

उन्हाळा आला की व्हेपर लॉक

मे महिन्यात सगळ्यांचं निदान हेच: उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ झाली. पंपावर ओलं फडकं टाकतात, गाडी चालू होते, आणि निदान पक्कं झालं असं मानतात. पण तेवढ्या वेळात तापलेली कॉइलही गार होते! फडकं टाकण्याआधी ठिणगी बघा. इलेक्ट्रिक पंप बसवण्याची घाई तर मुळीच नको. कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआयचा दाब पुरतो, इंजेक्शनच्या गाडीचा पंप निडल (पेट्रोल अडवणारी सुई) उचलून पेट्रोल बाहेर ओततो. गरम इंजिनावर.

थोडक्यात आणखी काही

एसयू जातीच्या कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या नळकांड्यात) तेल नसेल तर पिकअप घेताना गाडी अडखळते. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) कानाने लावू नका, टायमिंग लाइट लावा. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) ‘आवाज नको’ म्हणून आवळू नका, व्हॉल्व्ह जळतील.

आणि जोर कमी झाला म्हणजे दोष इंजिनातच आहे असं धरून चालू नका. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी सोडा, किती सहज घरंगळते ते पाहा. मग थांबून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एखादं इतरांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. बॉनेट बंदच ठेवा, जॅक काढा.