एका घरात दोन डीएचसीपी: जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करताना

नेटवर्क सपोर्टच्या कामाला नव्याने लागलात की एक तक्रार हमखास येईल: “वायफाय लागलंय, रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही. मिसेसच्या मोबाइलवर मात्र चालतंय.” त्यातलं दुसरं वाक्य कामाचं. इंटरनेट कंपनीला फोन लावण्याआधी विचारा, “आतल्या खोलीत जुना राउटर लावलाय का?”

बहुतेकदा वायफाय आतपर्यंत पोचावं म्हणून, म्हणजे ॲक्सेस पॉइंट म्हणून, लावलेला असतो. मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टात खोचलेली असते, आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते देणारी सोय) चालू राहिलेला असतो, म्हणजे पत्ते वाटणारे दोघे झाले. फोन बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. जुना राउटर गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून स्वतःचाच पत्ता देतो, आणि त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात तर काहीच नाही. म्हणून हा बिघाड सकाळी असतो, दुपारी नसतो. वायफाय बंद-चालू केल्यावर कधी कधी सुटतो, हे तर फारच फसवं.

दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आणखी गंमत. विंडोजच्या ‘आयपीकॉन्फिग’ कमांडमध्ये गेटवे बरोबरच दिसतो. तेव्हा एआरपीचा तक्ता (कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणतं उपकरण आहे, त्याची यादी) काढा आणि त्या पत्त्यासमोरचा मॅक (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) मुख्य राउटरच्या स्टिकरशी ताडून बघा. शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर घाबरू नका, लॅन-वॅनचे मॅक वेगळे असतात. पूर्ण वेगळा असेल तर चोर सापडला.

दुरुस्ती करताना जुना राउटर नेटवर्कमधून सुटा करून लॅपटॉपला केबलने जोडा. आधी त्याचा लॅन पत्ता बदला: १९२.१६८.१.२ चालेल, फक्त मुख्य राउटरच्या वाटपात तो येत नाही ना, ते बघा. डीएचसीपी त्यानंतर बंद करा. आधीच बंद केलात तर लॅपटॉपला हाताने पत्ता देत बसावं लागतं. नवा पत्ता राउटरवर चिकटवून ठेवा.

केबल वॅन पोर्टात लावली तर नेट चालेल, पण डबल नॅट होतो, म्हणजे पत्ते दोन राउटरवर दोनदा बदलले जातात आणि जुन्या राउटरमागे वेगळंच नेटवर्क तयार होतं. प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर कास्ट होत नाही, कारण शोधाचे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणारे) संदेश राउटर ओलांडत नाहीत.

२.४ गिगाहर्ट्झवर दोघांना १, ६, ११ पैकी वेगवेगळे चॅनल द्या. नाव-पासवर्ड एकच ठेवलात तरी मोबाइल लांबच्या राउटरला चिकटून राहू शकतो. कुठे जोडायचं ते मोबाइलच ठरवतो. हे ग्राहकाला आधीच सांगा, नाहीतर संध्याकाळी पुन्हा फोन.