नव्या कॉम्प्युटरचे भाग केसमध्ये (बाहेरच्या डब्यात) बसवण्याआधी बाहेरच चालवून बघा
मदरबोर्ड (बाकी सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) आधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. तो ज्यात येतो त्या चंदेरी पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीजवाहक असू शकतो. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी लावा. कोणत्या खाचेत, ते मॅन्युअलमध्ये असतं. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या केबलसोबत प्रोसेसरची ८ पिनचीही जोडा, नवखे हमखास तीच विसरतात. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) नसेल तर ग्राफिक्स कार्डही लागेल.

आता बोर्डावरच्या, पॉवर स्विच जोडायच्या दोन्ही पिनांना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला पण स्क्रीन काळीच, तर घाईने बंद करू नका. डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिची जुळवणी करतो, त्यात काही मिनिटं सहज जातात. तरीही काही दिसलं नाही तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा, बऱ्याच बोर्डांवर ते असतात. सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सिस्टिम सुरू करणारी ड्राइव्ह) यांपैकी जो पेटून राहील, तिथून शोध सुरू करायचा.

बायोस (बोर्डाची स्वतःची सेटिंग्जची स्क्रीन) उघडलं की रॅम पूर्ण दिसते का आणि प्रोसेसरचं तापमान भराभर चढत नाही ना, हे बघून घ्या. मग वीज बंद करून दुसरी पट्टीही अशीच एकटी तपासा.