सीईटीचा निकाल लागण्याआधी मार्क कसे मोजावेत, आणि पर्सेंटाइलचा अंदाज कुठवर बांधावा

इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठीची राज्याची सीईटी आटोपली की पुण्यात "किती पडतील?" सुरू होतं. शेजारचे काका जिन्यात गाठून विचारतात, क्लासच्या ग्रुपवर रोज कुणीतरी पोल टाकतं, आणि मामींना तर निकालाच्या तारखेपेक्षा आकड्याचीच घाई असते. या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत: मार्क किती आणि पर्सेंटाइल किती, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. मार्क निकालाआधी घरबसल्या काढता येतात, अगदी शेवटच्या मार्कापर्यंत. पर्सेंटाइलचा मात्र पट्टाच सांगता येतो. "९४.३७ येणार" असं छातीठोक सांगणारं ॲप असो की क्लासचे सर, दशांशचिन्हापुढचं सोडून द्या.

मार्क आपणच मोजायचे याला एक कारण आहे. सीईटीच्या स्कोअरकार्डवर पर्सेंटाइल छापलेलं असतं, मूळ मार्क नसतात. देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेचं, जेईई मेनचंही तसंच. आपण मोजून ठेवले नाहीत तर ते कुठेच सापडत नाहीत.

आधी कागद हाताशी घ्या

पेपर सुटल्यावर केंद्राबाहेरच्या टपरीवर आठवणीतून केलेला हिशोब चहाबरोबर संपवावा. "हे बरोबर असावं" अशा प्रश्नांना आपण मनातल्या मनात पूर्ण मार्क देऊन टाकतो आणि आकडा फुगतो.

खरा हिशोब परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलने आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, जाहीर केल्यावर होतो. तुमच्या लॉगिनमध्ये प्रश्न, तुम्ही निवडलेला पर्याय आणि सेलच्या मते बरोबर पर्याय असं सगळं दिसतं. पाहून झाल्यावर पान बंद करू नका, पीडीएफ करून ठेवा. ही खिडकी थोडेच दिवस उघडी असते. सायबर कॅफेतून फॉर्म भरला असेल तर लॉगिनचा पासवर्ड आत्ताच मागून घ्या, ऐनवेळी दुकान बंद असतं.

मोजणी

पीसीएम ग्रुपला फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. एकूण २००. पीसीबीला मॅथ्सच्या जागी बायोलॉजीचे १०० प्रश्न प्रत्येकी १ मार्काने, म्हणजे एकूण तितकेच. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे फक्त बरोबर उत्तरं मोजायची.

समजा फिजिक्समध्ये ३४ बरोबर, केमिस्ट्रीत ३८, मॅथ्समध्ये २७. मग ३४ अधिक ३८ अधिक ५४, म्हणजे १२६. मॅथ्सची दुप्पट विसरून ९९ वर रडत बसणारी मुलं दरवर्षी असतात. हिशोब दोनदा करा, दुसऱ्यांदा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करायला लावा.

जेईई मेनचा हिशोब जरा किचकट आहे. सध्याच्या पद्धतीत ७५ प्रश्न, ३०० मार्क. बरोबरला अधिक ४, चुकीला उणे १, आणि हे उणे आकडा लिहायच्या प्रश्नांनाही लागू आहे. खरी मेख पुढे आहे. रिस्पॉन्स शीटवर तुमचा पर्याय १ ते ४ असा क्रमांकाने दिसतो, पण आन्सर की मध्ये बरोबर पर्यायाचा लांबलचक आयडी असतो. तुमचा पर्याय ३ असेल तर त्या प्रश्नाखाली तिसऱ्या पर्यायाचा आयडी काय दिलाय ते बघायचं आणि तो की मधल्या आयडीशी ताडायचा. प्रश्नही क्रमांकाने जुळवायचे नाहीत, आयडीनेच जुळवायचे, कारण प्रत्येकाला क्रम वेगळा येतो. मैत्रिणीचा सातवा प्रश्न म्हणजे तुमचा सातवा नव्हे. "उत्तर दिलं आणि मार्क फॉर रिव्ह्यू" असं दिसलं तर तो प्रश्न तपासला जातो, तोही धरा.

ऑब्जेक्शन घ्यायचं का?

आन्सर की आधी तात्पुरती असते आणि तिच्यात चुका निघतात. परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला मॅथ्सच्या इंग्रजी पेपरात २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. शेवटी सेलला ५ मे रोजी त्या मुलांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. पण प्रत्येक ऑब्जेक्शनला पैसे पडतात: जेईईला एका प्रश्नाचे २०० रुपये, सीईटीला त्याहून बरेच जास्त. म्हणून ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पाठ्यपुस्तकातल्या पानासकट दाखवू शकता त्यालाच हात घाला. "आमच्या सरांनी वेगळं सांगितलं होतं" हा पुरावा होत नाही.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. एखादा प्रश्न रद्द होऊन त्या शिफ्टमधल्या सगळ्यांना मार्क मिळाले, तर तुमची बेरीज वाढेल, पण पर्सेंटाइल वाढेलच असं नाही. ज्यांचं उत्तर आधीच बरोबर धरलं गेलं होतं त्यांच्या बरोबरीला बाकीचे येतात, त्यामुळे त्यांची जागा उलट थोडी घसरूही शकते. म्हणून तुम्हाला आधीच मार्क मिळालेल्या प्रश्नावर तावातावाने पैसे खर्च करू नका.

पर्सेंटाइलचा पट्टा

तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क असलेली मुलं मोजायची, त्या शिफ्टला बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. इतकंच गणित आहे. समजा शिफ्टमध्ये २०,००० मुलं आणि त्यातल्या १८,६०० जणांना १२६ किंवा त्याहून कमी, तर पर्सेंटाइल ९३. अडचण अशी की १८,६०० हा आकडा निकालाआधी फक्त सेलकडे असतो. अवघड शिफ्टमध्ये १२६ ची किंमत वाढते, सोप्या शिफ्टमध्ये उतरते. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल मिळत नाही, कारण एकूण पर्सेंटाइल एकूण मार्कांवरून स्वतंत्र काढलं जातं.

म्हणून असं करा. मागच्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी आपले मार्क मोजून ठेवले होते अशा ओळखीच्या सीनियर मुलांकडून मार्क आणि पर्सेंटाइल अशा जोड्या मिळवा, वेगवेगळ्या शिफ्टच्या असतील तर उत्तमच. तुमच्या आसपासच्या मार्कांना सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त काय मिळालं ते लिहा. समजा ९१ ते ९४. हाच तुमचा पट्टा. क्लासच्या ग्रुपवरचे यंदाचे मार्क बघून शिफ्ट सोपी होती की अवघड हे ठरवू नका. कमी पडलेले तिथे गप्प बसतात.

पट्ट्यावरून कॉलेजकडे

समजा ग्रुपला राज्यभरात ४ लाख मुलं बसली. ९४ पर्सेंटाइल म्हणजे वरच्या ६ टक्क्यांत, साधारण २४,००० वा क्रमांक; ९१ म्हणजे ३६,००० च्या आसपास. बघा, तीन पर्सेंटाइलमध्ये बारा हजारांचा फरक. प्रत्यक्ष मेरिट नंबर बहुधा याहून चांगला येतो, कारण राज्याच्या मेरिट यादीत कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, नोंदणी केलेलीच मुलं असतात.

आता मागच्या वर्षीची कॅपची कटऑफ पीडीएफ उघडा. तिथे कॉलेज आणि शाखेखाली मेरिट नंबर आणि त्याच्या खाली कंसात पर्सेंटाइल असतं. बघताना आपला रकाना बघा: 'जीओपन' खुला, 'एलओपन' मुलींचा, पुढे एस असेल तर राज्य पातळीच्या जागा, एच असेल तर आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या. शिवाजीनगरचं सीओईपी पाहताना एसचा रकाना, इतर बऱ्याच कॉलेजांत पुण्याच्या मुलांना एचचा. खुल्या वर्गातल्या मुलाने टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या जागांचा) आकडा वाचून हाय खाल्ली, असं हमखास होतं. पहिल्या राउंडसोबत शेवटच्या राउंडचाही कटऑफ बघा, शाखेनुसार आकडा बराच खाली येतो.

यादी तीन भागांत करा. ९४ मिळाले तरच लागतील अशी काही, पट्ट्याच्या मधली भरपूर, आणि ९१ आले तरी हमखास मिळतील अशी चार-पाच. त्यातली जवळची कॉलेजं निकालाआधीच पाहून या, हिंजवडी-आकुर्डीकडची एका दिवशी, कात्रज-कोंढव्याकडची दुसऱ्या दिवशी. नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता प्रमाणपत्रांचा अर्ज अजून केला नसेल तर कॉलेजं बघण्याच्या आधी तो करा.