नजर सांभाळताना होणाऱ्या चुका, या टाळा

चर्चच्या तरुण संघात प्रार्थनेचे विषय विचारले की दोन-तीन पोरं मान खाली घालून “माझ्या मनासाठी प्रार्थना करा” एवढंच म्हणतात, आणि बाकीच्यांना बरोबर कळतं विषय वासनेने, अश्लील बघण्याचा आहे ते, कारण त्यांचापण तोच असतो. मीपण बरीच वर्षं हेच म्हणायचो. प्रार्थना कमी पडत नव्हती हो, मी लढायला उशिरा उतरत होतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. रात्रीचे साडेअकरा, दार बंद, फोन हातात, नको ते समोर आलंय आणि आता आपण निश्चय करणार! बायबलमधलं ईयोब 31:1 सगळ्यांना पाठ असतं, कुमारीकडे वासनेने बघायचं नाही असा ईयोबाने आपल्या डोळ्यांशी करार केला होता. पण करार कधी करतात? 11 महिन्यांचा भाडेकरार आपण भांडण झाल्यावर करतो का, आधीच बसून, शांत डोक्याने, अटी लिहून करतो ना. मग डोळ्यांच्या कराराच्या अटी कुठायत तुमच्या?

माझ्या सांगतो. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. “अलार्म लागतो ना मला” हे कारण मी स्वतः दोन वर्षं दिलंय, शेवटी साधं घड्याळ आणलं. अँड्रॉइड 9 किंवा पुढचं असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस (फोनने साइट्सचे पत्ते कोणाकडून शोधायचे ते ठरवणारी सोय) असतं, तिथे क्लाउडफ्लेअर कंपनीचा फॅमिली फिल्टरवाला पत्ता टाकला की अश्लील साइट्स बऱ्याचशा उघडतच नाहीत, फुकट आहे. फक्त याने इन्स्टाच्या रील्स थांबत नाहीत हे लक्षात ठेवा, फिल्टर टाकला म्हणजे आपण पवित्र झालो असं समजणारे लोक तिथेच आपटतात. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद करून टाका, मग होम पेजवर शिफारशी येणंच जवळपास थांबतं. आणि थंबनेलच नसेल तर बोट जाणार कुठे?

दुसरी चूक, “मी फक्त बघतोय”. 2 शमुवेल 11 वाचा नीट. सैन्य राब्बाला लढायला गेलेलं, दावीद राजा मात्र यरुशलेमेतच, संध्याकाळी गच्चीवर फिरतोय. आधी अंघोळ करणारी एक बाई दिसली, मग तिची चौकशी केली, मग तिला आणायला माणसं पाठवली. आजच्या भाषेत रील दिसली, प्रोफाइल उघडलं, मेसेज टाकला. चौकशी करायला पाठवलेल्या माणसाने तर सांगितलं पण होतं की ती उरीयाची, म्हणजे दुसऱ्याची, बायको आहे, तरी थांबला नाही.

पण याच्या उलटही एक चूक आहे आणि ती चांगल्या, प्रामाणिक पोरांकडून होते. सिग्नलला होर्डिंग दिसलं, झालं, दिवसभर अपराधी वाटतंय. अरे, मत्तय 5:28 मध्ये येशू वासनेने पाहण्याबद्दल बोलतोय, डोळ्यांसमोर आलं त्याबद्दल नाही. दिसलं, नजर काढली, पुढे चला. आणि “मुलीच कपडे तसे घालतात” हे तर बोलूच नका, पुढच्याच वचनात तो तुझा उजवा डोळा उपटून टाक म्हणतोय, तिची ओढणी नाही.

तिसरी, मोहाशी चर्चा करत बसणं. योसेफाने त्याचा मालक पोटीफर याच्या बायकोला बोलून नकार दिला होता, रोज देत होता, पण शेवटच्या दिवशी तो वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. पौलपण करिंथकरांना जारकर्मापासून (लैंगिक पापापासून) पळा असंच लिहितो. घरात एकटे असाल तर चप्पल घाला, कोपऱ्यावरून दूध आणा. काहीही.

आणि हो, लेंटचं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं. 40 दिवस इन्स्टा उडवायचं आणि ईस्टरच्या सोमवारी परत टाकायचं, आठवड्याभरात आधीपेक्षा जास्त. मत्तय 12 मधलं झाडून पुसून रिकामं ठेवलेलं घर, ज्यात निघून गेलेला आत्मा आणखी सात जणांना घेऊन येतो, ते हेच. काढलेल्या वेळात काय घालणार ते आधी ठरवा. क्वायर, गिटार, जिम, आईला भाजी निवडायला मदत, चालेल सगळं.

पडलात तर रविवारी उपासना चुकवू नका, बहुतेक जण तिथूनच गळतात. लाज वाटते, प्रभुभोजन घेऊ का नको कळत नाही, मग मागच्या बाकावर, मग घरीच. कोणाला तरी सांगा, एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणणारं याकोब 5:16 त्यासाठीच आहे. बायकोपासून लपवायचं नाही, पण तिला पोलीस पण बनवायचं नाही, बिचारी झोपेल की तुमचा फोन तपासेल? त्यापेक्षा एखादा विश्वासू भाऊ शोधा, वयाने थोडा मोठा, तोंडाने घट्ट. “कसा आहेस आध्यात्मिकरीत्या” असलं मोघम विचारणारा काही कामाचा नाही, त्याला उत्तर “ठीक” असंच मिळतं.

माझा मित्र दर शनिवारी एकच विचारतो, “फोन कुठे झोपला रे या आठवड्यात?” मागच्या शनिवारी मला “तीन दिवस उशीखाली” असं सांगावं लागलं.