रविवारचं पाच किलोमीटर रनिंग: या चुका टाळा

रविवारचा ग्रुप महिनाभरात का फुटतो, याचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्याच राउंडमध्ये सापडतं. तालुक्याच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची पोरं असतात. त्यांना 1600 मीटर काढायचे असतात, म्हणून 400 चा राउंड ते दीड मिनिटाच्या आत मारतात. आपले पंचेचाळिशीचे गुरुजी नाहीतर कृषी केंद्रवाले भाऊ त्यांच्या मागे सुटतात. दुसऱ्या राउंडला पोटात कळ, तिसऱ्याला बाकावर बूड आणि पुढच्या रविवारी फोन बंद.

पाच किलोमीटर 40 मिनिटांत करायचे तर किलोमीटरला 8 मिनिटं येतात, म्हणजे 400 च्या राउंडला 3 मिनिटं 12 सेकंद. पहिला राउंड अडीच मिनिटांत झाला असेल तर कितीही हलकं वाटो, वेग कमी करा. घड्याळ नसेल तर शेजारच्याशी बोलत धावा. पूर्ण वाक्य तोंडातून निघेना, की समजायचं जास्त झालं. बरगडीखाली कळ आली तर चालायला लागा, तिथे हाताने दाबा आणि श्वास सावकाश पूर्ण सोडा. सहसा थोड्या वेळात ती उतरते. पण छातीवर दडपण आलं, हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत राउंड पूर्ण करायचा नाही. बसा आणि 108 ला फोन लावायला सांगा.

राउंडचा हिशेब

यावरून होणारी भांडणं टाळता येतात. 400 च्या मैदानावर पाच किलोमीटर म्हणजे साडेबारा राउंड. सुरुवात गेटच्या बरोबर समोरच्या बाजूने करा, म्हणजे शेवट गेटपाशी, घड्याळवाल्यासमोर होतो. खिशात बारा चिंचोके ठेवा आणि गेटपाशी आलात की दर वेळी एक टाका. खिसा रिकामा झाला की एकच राउंड उरला. मोबाइलच्या जीपीएसवर वाद घालू नका, गोल मैदानावर ते थोडंफार चुकतंच. आणि 400 मीटर फक्त आतल्या लेनमध्ये भरतात. बाहेरच्या प्रत्येक लेनला राउंडमागे सात-आठ मीटर वाढतात.

वेळ आणि ऊन

वर्षभर सहाचीच वेळ ठेवणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक. डिसेंबरात सहाला मिट्ट काळोख असतो. मे महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, आणि सहा सांगून साडेसहाला निघालं की शेवटचे राउंड उन्हातच जातात. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा रात्रही नीट निवत नाही. एप्रिल ते मृग साडेपाचच्या आत सुरुवात करा आणि अंतर अर्ध्यावर आणा. डोकं गरगरलं, मळमळलं तर सावलीत बसून साखर-मीठ पाणी घ्या: एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला तर मात्र पाणी पाजत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 बोलवा.

तर्री पोहा धावून झाल्यावर. आधी एखादं केळ पुरे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावू नये. डॉक्टरांना विचारावं आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते, की पाय उचलेना. त्या दिवशी मैदान सोडा, डांबरी रस्त्याला उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा. नवीन बूट आधी आठवडाभर घरात-बाजारात वापरा. आठवड्यातून फक्त रविवारीच हललात तर बुधवारपर्यंत पोटऱ्या धरतात, म्हणून मधे दोन दिवस अर्धा-अर्धा तास चाला.

ग्रुप चालवणाऱ्यांच्या चुका

बॅनर, हार, प्रमुख पाहुणे. पाहुणे सातला येतात, भाषण होतं, ऊन चढतं आणि ज्याला दूध घालायला जायचं असतं तो निघून जातो. ही भानगड पहिल्या दिवशीही नको.

दुसरी चूक म्हणजे मागे राहणाऱ्यांना विसरणं. लंडनच्या बुशी पार्कात 2 ऑक्टोबर 2004 ला 13 जणांनी जे पाच किलोमीटर सुरू केले, त्यातून पुढे देशोदेशी पसरलेलं पार्करन उभं राहिलं. ते शनिवारी असतं आणि फुकट असतं. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, त्यामुळे शेवटचा नंबर कोणा धावणाऱ्याचा लागतच नाही. आपल्याकडे हे करायलाच हवं. साडी नेसून चालणाऱ्या काकूंना ‘तुमचा ग्रुप वेगळा करा’ म्हणू नका; त्या चालत पाच किलोमीटर करतील, तोवर घड्याळवाल्याने गेट सोडायचं नाही. बाकावर बसून टोमणे मारणाऱ्यांना राउंड मोजायचं काम द्या.

घड्याळ, पाणी, वही हे सगळं एकाच माणसावर टाकू नका. पार्करन सुरू करणाऱ्या पॉल सिंटन-हेविट यांना तेव्हा दुखापतीमुळे धावता येत नव्हतं. आपल्याकडेही गुडघा धरलेला भाऊ ही कामं करू शकतो. वहीत महिनाभराच्या पाळ्या आधीच लिहा. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या महिन्यांत त्या नोकरदार आणि दुकानदारांच्या नावावर टाका. वावरातली माणसं तेव्हा आली तर आली.